कृपया लक्ष द्या, पार्सल आलं आहे

आमच्या सोसायटीत चोराला शिरता येईल, पार्सलवाल्याला नाही. चोरासाठी आम्ही नियम केलेले नाहीत.

पार्सलवाल्यासाठी केले आहेत. त्याने गाडी फाटकाबाहेर लावायची. आत आल्यावर रहिवाशांची लिफ्ट वापरायची नाही, सामानाची वापरायची. सामानाची लिफ्ट कार्डावर चालते. कार्ड वॉचमनजवळ असतं. वॉचमनने कार्ड दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही, आणि फाटक सोडून स्वतः लिफ्टपर्यंत जायचंही नाही. हे सगळे नियम एकाच सभेत, एकमताने मंजूर झाले. सभेनंतर लोक एकमेकांचं अभिनंदन करत घरी गेले आणि पार्सलवाला जिने चढू लागला.

असाच एकदा चढून तो आमच्या दारात उभा राहिला, तेव्हा त्याच्या हातात मिक्सरच्या भांड्याचं झाकण होतं आणि छातीत भाता चालल्यासारखा आवाज. बायकोने पाणी दिलं.

"दादा, बसा जरा."

"बसलो की मग उठवत नाही, वहिनी."

तरी तो पायरीवर टेकला, आणि माणूस टेकला की बोलतो. "तुमच्या इमारतींना नंबर कुणी दिलेत हो? ए-च्या शेजारी डी. डी-च्या मागे बी. आणि सी शोधत गेलं की पाण्याची टाकी येते."

मी खुलासा केला की इमारती ज्या क्रमाने बांधल्या त्या क्रमाने अक्षरं पडली आहेत.

"मग मी पण त्याच क्रमाने हिंडायचं का? बरं, दार सापडलं तरी सुटका नाही. बेल वाजवली की आतून, कोण? पार्सल. कुणाचं? तुमचं. आम्ही नाही मागवलं. मग आतून दुसरा आवाज, अगं, मी मागवलंय. मग त्यांचं जुंपतं. ते मिटेपर्यंत मी दारात. मिटलं की कोड मागायचा. कोड मिस्टरांच्या फोनवर. मिस्टर ऑफिसात. मिस्टर मीटिंगमध्ये. कोड नाही मिळाला की पार्सल परत. आणि परत गेलं की माझ्या नावावर."

"लोक घरपोच म्हणून मागवतात," मी सोसायटीची बाजू मांडली.

"घर पोचू देतं का, काका?" त्याने ग्लास खाली ठेवला. "साहेबांनी सांगून टाकलंय. महिनाअखेरीपर्यंत तुमच्याकडून परत जाणारी पार्सलं कमी झाली नाहीत, तर माझी लाईन दुसऱ्याला. मला गावाबाहेरच्या गोडाऊनला टाकणार. ही लाईन मी मागून घेतलीय, पोरीची शाळा वाटेत लागते म्हणून. दुपारी तिला गाडीत घेतो, घरी सोडतो, पुढे निघतो. गोडाऊनला गेलो तर तिला कोण आणणार?"

"मी बघतो," मी म्हणालो.

दार लावल्यावर बायको म्हणाली, "अहो, तुम्ही बघू नका. मागे तुम्ही गळका नळ बघितलात, तेव्हा खालच्यांनी स्वयंपाकघरात छत्री उघडली होती."

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. लग्नाला बरीच वर्षं झाली की ही कला साधते.

पहिला उपाय म्हणजे फाटकाशी नकाशा. कुठली इमारत कुठे, बाण काढून दाखवायचं, बस्स. शेजारच्या दारातले इंजिनिअर ताबडतोब मदतीला आले. कुणीही खिळा ठोकायला घेतला की ते येतात आणि खिळा चुकीचा आहे म्हणून सांगतात. त्यांनी नकाशा प्रमाणात हवा असा आग्रह धरला. प्रमाणात काढल्यावर पाण्याची टाकी मोठी आणि बी इमारत लहान दिसू लागली, त्यामुळे बी-वाले नाराज झाले. शिवाय आपली इमारत डी-च्या 'मागे' दाखवली आहे, याला त्यांनी हरकत घेतली. आम्ही मागे नाही, डी पुढे आली आहे, असं त्यांचं म्हणणं. प्रकरण सेक्रेटरींकडे गेलं. आमचे सेक्रेटरी नियमाला इतके पक्के आहेत, की स्वतःच्या घरात खिळा ठोकायचा तरी स्वतःकडे अर्ज करतात. त्यांनी नकाशाला मंजुरी दिली, पण 'मागे' आणि 'पुढे' हे शब्द वगळून. उरले फक्त बाण.

बोर्ड फाटकाच्या उजव्या खांबावर लावायचा होता. त्या खांबावर वॉचमन आपला शर्ट वाळत घालतो. म्हणून त्याने बोर्ड डाव्या खांबावर लावला, आणि तोंड आतल्या बाजूला केलं, म्हणजे उन्हाने रंग उडायला नको. सगळे बाण उलटे झाले. त्या दिवशी आमचा पार्सलवाला टाकीला तीन फेऱ्या घालून परत गेला. जेमतेम वाट सापडू लागलेल्या माणसालाही आम्ही चुकवून दाखवलं.

"काका, बोर्ड काढा," तो दुसऱ्या दिवशी हात जोडून म्हणाला. "आधी नुसतं सापडत नव्हतं. आता चुकीचं सापडतं."

दुसरा उपाय साधा होता. डोंगर चढायचा नाही, डोंगरावरच्यांना खाली आणायचं. मी फाटकाजवळ टेबल टाकलं, पार्सलं तिथे मांडली आणि सोसायटीच्या ग्रुपवर निरोप घातला: पार्सल आलं आहे, कोड घेऊन खाली यावे. सगळ्यांनी अंगठा दाखवला आणि कुणीही आलं नाही. एकाने विचारलं, वर पाठवता का? एकीने विचारलं, बसलाच आहात तर आमची कामवाली गेली का बघाल का? टेबलाशी रिकामा बसलेला माणूस हा सार्वजनिक असतो, हे मला तेव्हा कळलं. एकाने सायकलची किल्ली ठेवायला दिली. एकीने मूल ठेवायला दिलं. मूल गोड होतं, पण त्याने पार्सलवाल्याच्या फोनवरून कुणाला तरी फोन लावला, आणि तो फोन नेमका त्याच्या साहेबांनी उचलला. बराच वेळ साहेबांनी 'बा बा बा' ऐकून घेतलं. पार्सलवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. महिना निम्मा उरला होता आणि परतीचा ढीग तसाच होता.

तिसरा उपाय इंजिनिअरांनीच सुचवला, म्हणजे दोष द्यायचा तर आधी तिकडे द्यावा. प्रत्येक इमारतीच्या जिन्यात सेक्रेटरींनी पूर्वीच लाउडस्पीकर बसवून घेतले होते. माइक वॉचमनच्या केबिनमध्ये. आग लागली तर सूचना देण्यासाठी ही सोय होती. पण आग काही लागली नाही, आणि एवढी चांगली यंत्रणा वाया चालल्याची खंत सेक्रेटरींच्या मनात होती. मी विचारताच त्यांचे डोळे चमकले.

"प्रायोगिक तत्त्वावर वापरा," ते म्हणाले. "मात्र सूचना स्पष्ट आणि संपूर्ण हवी. अर्धवट माहितीने गोंधळ होतो."

हे त्यांनी मला सांगावं! नोकरीची सगळी वर्षं मी बस स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारण्यात काढली आहेत. गाडी कुठून आली, कुठे जाणार, कुठल्या मार्गाने, कुठल्या फलाटावर, हे सगळं सांगायचं आणि दोनदा सांगायचं, अशी आमची शिस्त. एकदा सांगितलेलं लोकांना ऐकू येत नाही, आणि अर्धं सांगितलं तर माणूस भलत्या गाडीत बसून भलत्या गावी उतरतो. निवृत्तीनंतर माइक हातात आला नव्हता. केबिनमध्ये स्टुलावर बसून मी घसा खाकरला, तेव्हा ते खाकरणं चारही इमारतींच्या जिन्यांतून घुमलं. मला गहिवरून आलं.

पार्सलवाल्याने पहिलं खोकं पुढे केलं. हल्ली खोक्यावर पत्त्याबरोबर आत काय आहे तेही छापलेलं असतं. छापलेलं गाळायचं ही आमच्या खात्याची पद्धत नव्हे.

"कृपया लक्ष द्या. ए इमारत, तिसरा मजला, माननीय इंजिनिअर साहेब यांच्यासाठी आलेलं पार्सल फाटकाशी उभं आहे. पार्सलमध्ये पुस्तक. पुस्तकाचं नाव, घरगुती दुरुस्ती, अगदी नवशिक्यांसाठी. कृपया लक्ष द्या. ए इमारत, तिसरा मजला..."

दुसऱ्यांदा 'नवशिक्यांसाठी' म्हणेपर्यंत इंजिनिअर खाली होते. एका पायात चप्पल, दुसऱ्यात बायकोची. कोड त्यांनी तोंडपाठ सांगितला आणि पुस्तक बनियनखाली घालून ते नाहीसे झाले.

पार्सलवाल्याने आश्चर्याने घड्याळ पाहिलं आणि दुसरं खोकं दिलं. सी इमारतीतले एक गृहस्थ, रोज सकाळी बागेत सगळ्यांना गाठून 'माझं वय ओळखा' म्हणतात. त्यांच्यासाठी कलप आला होता, गडद काळा, बचत पॅक. तेही धावत आले. त्यांचं वय काही असो, वेग तरुणाचा होता. मग एकामागून एक. काही लोक तर नाव पुकारायच्या आतच उतरून रांगेत उभे राहिले. ज्यांचं काही आलं नव्हतं ते गॅलऱ्यांत खुर्च्या टाकून बसले. वॉचमन फाटक सोडून केबिनच्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "साहेब, जरा मोठ्याने. डी-मध्ये नीट जात नाही."

खाली तीन किलोची एक गोणी उरली. मी लेबल वाचायला घेतलं. इतक्या वर्षांच्या सवयीने डोळे पुढच्या शब्दावर असतात आणि तोंड मागच्या शब्दावर, त्यामुळे काय वाचतोय ते कळलं तेव्हा पहिली फेरी पूर्ण झाली होती.

"कृपया लक्ष द्या. ए इमारत, पहिला मजला, माननीय सेक्रेटरी साहेब. पार्सलमध्ये मांजराचा खाऊ. तीन किलो. प्रौढ आणि स्थूल मांजरांसाठी."

इथे आमच्या सोसायटीचा आणखी एक नियम सांगायला हवा. प्राणी पाळायला बंदी आहे. हा नियम सेक्रेटरींनी स्वतः आणला, आणि त्यापायी डी-मधल्या चौथ्या मजल्यावरच्या आजींचा पोपट त्यांच्या बहिणीकडे गेला. तो तिकडे रमला आहे, हे आजींना जास्त लागलं आहे.

गॅलऱ्यांतल्या खुर्च्या कठड्याकडे सरकल्या. शिस्त म्हणजे शिस्त, मी दुसऱ्यांदा पुकारलं. मग आजींचा आवाज आला, माइकशिवाय, पण माझ्यापेक्षा स्पष्ट.

"काय हो सेक्रेटरी, मांजर स्थूल आहे का?"

पहिल्या मजल्याची खिडकी उघडली. "चुकून आलंय! पत्ता चुकलाय! मी मागवलेलं नाही. परत न्या!" आणि खिडकी बंद.

संध्याकाळी सभा झाली. खाजगीपणाचा भंग झाला, यावर सगळ्यांचं एकमत होतं. इंजिनिअरांनी माझ्या आवाजाच्या पट्टीतला दोष दाखवला. कलपवाल्या गृहस्थांनी ते पुतण्यासाठी मागवल्याचं निवेदन केलं. पुतण्याची दया आली. माझ्या बाजूने बोलायला फक्त आजी उठल्या. "यापुढेही पुकारा. इतकी करमणूक पोपट होता तेव्हाच व्हायची." त्यांच्या पाठिंब्याने माझं उरलंसुरलं वजनही गेलं. माइक बंद झाला. केबिनला कुलूप लागलं. बस स्टँडच्या इतिहासात मी एकही गाडी चुकीची पुकारली नव्हती, आणि इथे सगळं बरोबर पुकारल्याबद्दल मला समज देण्यात आली.

पण गंमत पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी फाटकाशी पार्सलच्या गाडीचा आवाज झाला, आणि माणसं आपणहून खाली आली. कोड तळहातावर लिहून आणलेले. आपलं लेबल दुसऱ्याने वाचू नये म्हणून आधी यायचं आणि दुसऱ्याचं वाचता यावं म्हणून मागे रेंगाळायचं. ज्यांना काही आलं नव्हतं तेही आले. जिने, लिफ्ट, कार्ड, सगळे नियम होते तिथेच होते, फक्त ते आता पार्सलवाल्याला लागत नव्हते. तो गाडीशी टेकून उभा राहायचा आणि लग्नातल्या यजमानासारखं एकेकाला पाकीट द्यायचा.

परत जाणारी पार्सलं थांबली. एक सोडून. सेक्रेटरींची गोणी त्याने पुन्हा एकदा आणून पाहिली, पण सेक्रेटरींनी दार उघडलं नाही.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. पार्सलवाला वर आमच्याकडे आला, आणि या वेळी पाणीसुद्धा नको म्हणाला.

"काका, आकडा अगदी काठावर आहे. हे गेलं तर बसतो, परत गेलं तर गेलो. आज परत नेलं तर ते कायमचं परत. तीन खेपांच्या वर आणता येत नाही. साहेबांना काय सांगू, मांजरासाठी लाईन गेली?"

"अहो, जा," बायको म्हणाली. तिने मला कुठल्या कामाला स्वतःहून पाठवल्याची नोंद आमच्या घराण्यात नाही. "पुकारलंत तुम्ही, निस्तरा पण तुम्हीच."

गोणी खांद्यावर घेऊन पार्सलवाला आणि रिकाम्या हाताने मी, असे आम्ही पहिल्या मजल्यावर गेलो. बेल वाजवली.

"कोण?"

"पार्सल," पार्सलवाला म्हणाला.

"माझ्याकडे मांजर नाही."

"मी मांजराचं विचारलं नाही," मी म्हणालो. "कोड विचारतोय."

आतून उत्तर आलं. ते सेक्रेटरींचं नव्हतं. लांबलचक, नाराज आणि चांगल्या खात्यापित्या घरचं होतं. मग दार साखळीपुरतं उघडलं. फटीत वर सेक्रेटरींचा एक डोळा आणि खाली, त्यांच्या पायाला घासत, एक पिवळा डोळा.

"पाइपावरून आली," सेक्रेटरी हळू आवाजात म्हणाले. "मी हाकलली. परत आली. पुन्हा हाकलली, पुन्हा आली. नियमात हाकलावं असं आहे, किती वेळा ते नाही." मग ते म्हणाले, "मुलगी परदेशी गेल्यापासून घरात कुणी मला उलट उत्तर देत नव्हतं. ही देते."

पार्सलवाल्याने गोणी खाली ठेवली. "साहेब, कोड सांगा. मी कुणाला काही बोलणार नाही. माझी पण पोरगी आहे. दुपारी शाळेच्या दारात उभी असते."

सेक्रेटरींचा डोळा आतल्या भिंतीवरच्या मुलीच्या फोटोकडे गेला. माणूस नियमाचा होता, दगडाचा नव्हता. "पण मी घेतलं तर मांजर माझं ठरतं. आजी टपून बसल्यात. मी राजीनामा देईन, त्याचं काही नाही. पण हिला जावं लागेल."

मग आमच्या तिघांच्या डोक्यात एकाच वेळी एक विचार आला असावा. कारण ते दोघे एकाच वेळी माझ्याकडे बघायला लागले.

"तुमचा आवाज लोकांना ओळखीचा आहे," सेक्रेटरी म्हणाले.

केबिनचं कुलूप उघडलं. मी स्टुलावर बसलो. खाकरलो नाही.

"कृपया लक्ष द्या. ए इमारत, पहिला मजला इथे आलेला मांजराचा खाऊ हा सेक्रेटरींचा नसून आमचा आहे. पत्ता लिहिताना आमच्याकडून चूक झाली. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कृपया लक्ष द्या..."

उभ्या आयुष्यात मी पुकारलेली ही एकमेव खोटी सूचना. सवयीने तीही दोनदा पुकारली.

पार्सलवाल्याच्या फोनवर कोड पडला, हिरवी खूण उमटली, आणि तो फाटकाच्या खांबाला कपाळ टेकून क्षणभर उभा राहिला. एवढ्यात वरून आजींची मागणी आली. "आधी मांजर दाखवा! मी येतेच आहे तुमच्याकडे!"

म्हणजे मांजर आमच्याकडे असणं भाग होतं, आणि लगेच. केबिनमध्ये एक रिकामं खोकं पडलं होतं, त्याला भोकं पाडली आणि मांजर आत बसवलं. सेक्रेटरींनी स्वतः वॉचमनकडून कार्ड घेऊन पार्सलवाल्याच्या हातात दिलं. सामानाच्या लिफ्टमधून त्या दिवशी पहिल्यांदा सामान गेलं. पार्सलवाल्याने आमची बेल वाजवली.

"कोण?" बायको आतून म्हणाली. तिने सूचना ऐकली होती. दोन्ही वेळा.

"पार्सल, वहिनी."

"कुणाचं?"

"तुमचं."

"आम्ही नाही मागवलं. परत न्या."

पार्सलवाल्याने माझ्याकडे बघितलं, मी खोक्याकडे बघितलं. खोक्याने आपली बाजू मांडली. मग कडी निघाली, बायकोने खोक्यात डोकावून बघितलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "किती घाबरलीय बिचारी. दादा, आत आणा तिला. यांना राहू दे बाहेर."

आजी आल्या, त्यांनी मांजर बघितलं, "स्थूल आहे खरं," असा निर्वाळा दिला आणि समाधानाने गेल्या.

दुसऱ्या दिवशी पार्सलवाला आला तेव्हा गाडीत पुढच्या सीटवर शाळेचं दप्तर आणि दोन वेण्या दिसत होत्या. "लाईन राहिली, काका," तो खालूनच ओरडला. त्याला माइकची गरज नव्हती. गॅलऱ्यांतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याची लाईन जाणार होती हे त्यांना कधीच ठाऊक नव्हतं, पण आमच्याकडे टाळ्यांना कारण लागत नाही.

त्याच संध्याकाळी सेक्रेटरी आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात सोसायटीचा शिक्का मारलेला कागद. प्राणी पाळण्यास बंदी असताना विनापरवाना मांजर बाळगल्याबद्दल मला कारणे दाखवा नोटीस. मागे जिन्यात इंजिनिअर आणि कलपवाले गृहस्थ साक्षीदार म्हणून उभे होते. सेक्रेटरींनी नोटीस खणखणीत आवाजात वाचली, माझी सही घेतली, कागदाची घडी केली. साक्षीदार निघून जाईपर्यंत ते दारातच घुटमळले. मग माझ्या खांद्यावरून आत बघत, अगदी हळू म्हणाले, "खाऊ कोरडा देऊ नका. थोडं कोमट पाणी घालायचं. आणि झोपताना तिला पायाशी घ्या. सवय आहे तिला."